जानकीचं पाणी

हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. तो शेवटच्या दुखण्यात होता, तेव्हा उशाशी बसून मी एकदा तोंड उघडलं होतं — आणि मग विचारलं, चहा घेता का? तुम्हाला सांगते आहे. का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

चाळीसएक वर्षं होत आली. कुंभवलीजवळच्या एका औषधांच्या कंपनीत मी पॅकिंगला होते. बाटल्यांना लेबलं चिकटवायची, खोक्यांत भरायच्या. आम्ही अठरा बायका, वर पत्रा, आणि भिंतीवर एक फळा. महिन्यात सगळ्यांत जास्त काम जिचं, तिचं नाव त्यावर खडूनं लिहायचे. सहा वर्षं तिथं माझंच नाव होतं. हसाल तुम्ही — खडूचं नाव ते! पण दारोदार सुकी मासळी विकणाऱ्या आईची मी मुलगी. माझं नाव त्याआधी कुणी कुठं लिहिलं होतं?

मग जानकी आली. मासवणची, विशीतली. घरी डोंगराच्या पोटाला पावसावरची थोडी शेती. लेबल कसं धरायचं, डिंक किती लावायचा, हे मीच तिला शिकवलं. दुसऱ्या महिन्यात फळ्यावर तिचं नाव आलं. तिसऱ्यातही.

तिचे हात चालायचे ते मी बघत राहायचे, आणि माझे हात चुकायचे. आणि वर तिचं ते पाणी! सरबताची जुनी काचेची बाटली ती टेबलाखाली ठेवायची. थोड्या थोड्या वेळानं दोन घोट. आम्ही बाकीच्या जणी पाणी टाळायचो. का, ते बायकांना सांगायला नको — संडास एकच, आवाराच्या पार टोकाला, कडी मोडलेली, आणि वाटेत माल चढवणारे पुरुष उभे. सकाळी निघताना घोटभर प्यायचं, मग थेट घरी गेल्यावर. जानकी मात्र उठायची, त्या पुरुषांमधून सरळ चालत जायची, येताना बाटली भरून आणायची — आणि तरी कामात माझ्या पुढं. खरं सांगू? तिच्या हातांपेक्षा मला तिचं ते चालणं जास्त खुपायचं.

ती इतकं पाणी का पिते, हे तिथं फक्त मला माहीत होतं. एकदा जेवताना तिनंच हळूच सांगितलं होतं. "ताई, मला मुतखडा हाय. लहानपनापासून. मनोरचा डॉक्टर बोलला, पानी कमी केलंस तर जिवावर बेतल. कोनाला सांगू नका, नायतर आजारी म्हनून काढतील." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. नाही सांगणार म्हणाले. आणि तो शब्द मी पाळला — कसा पाळला, ते बघा.

एप्रिलमधली दुपार. जेवणाची सुट्टी होती, सगळ्या बाहेर सावलीत बसलेल्या. मी काहीतरी विसरले म्हणून आत आले. खरंच विसरले होते का? आता आठवत नाही. टेबलावर दुसऱ्या दिवशी जाणाऱ्या मालाची लेबलं होती, गठ्ठेच्या गठ्ठे. खाली तिची बाटली. मी ती उचलली, बूच काढलं आणि लेबलांवर ओतली. सगळी. रिकामी बाटली तिथंच आडवी ठेवली, बाहेर गेले आणि माझा डबा उघडला.

सुपरवायझर ओरडला, "ये बोतल किसकी है?" जानकी म्हणाली, बाटली माझी, पण मी वर ठेवली नव्हती. त्यानं माझ्याकडे पाहिलं — मी सगळ्यांत जुनी ना. मी म्हणाले, "रोज ऊपर ही रखती है, साब."

त्या दिवसापासून शेडमध्ये पाणी बंद. प्यायचं ते जेवणाच्या सुट्टीत, नळावर. मधे उठायचं नाही.

इथवरचं झालं ते एका क्षणात झालं, असं म्हणता येईल. पुढचं तसं नाही. दोन दिवसांनी जानकी माझ्याकडे आली. "ताई, तुमी साहेबाला बोला ना. तुमचं ऐकल तो. माझं दुखनं सांगू नका, नुसती बाटली ठेवू दे म्हना." मी हो म्हणाले. संध्याकाळी तिला सांगितलं — बोलले गं, ऐकतच नाही. मी त्याच्याकडे गेलेच नव्हते! पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच सांगितलं. मे महिन्यात पत्रा तापायचा. जानकीच्या ओठांची सालं निघायची, ती कंबर धरून उभी राहायची, आणि मी तिला म्हणायचे, दम धर, मी बघते.

तिचे हात मंदावले. महिनाअखेर फळ्यावर माझं नाव आलं. आणि मला आनंद झाला. पश्चात्ताप नाही, भीती नाही — आनंद. त्या दिवशी घरी मी शिरा केला.

जूनमध्ये ती टेबलाशीच कोसळली. अंगात ताप, पोटात कळा. आधी पालघरला नेलं, तिथून मुंबईला. खडा अडकून आत पू झाला होता. उजवं मूत्रपिंड काढावं लागलं. डॉक्टरनं तिच्या भावाला विचारलं म्हणे, हिला तुम्ही पाणी देत नव्हता का? हे त्या भावानंच मला सांगितलं. नोकरी गेली. ठरलेलं लग्नही मोडलं.

मी एकदाच तिला भेटायला मासवणला गेले. कशाला गेले? ती मेली की जगली, हे बघायला? की तिला काही कळलंय का, ते बघायला? ओसरीवर गोधडीवर पडली होती. मला पाहून उठून बसली, आणि आईला म्हणाली, "आये, ह्याच त्या ताई. माज्यासाठी साहेबाशी बोलल्या. दुसरं कोनी नाय बोललं."

तेव्हा सांगता आलं असतं. म्हातारी समोरच होती. मी मान खाली घातली, आणि ते त्या दोघींना माझं साधेपण वाटलं. निघताना म्हातारीनं घरातले वाल फडक्यात बांधून माझ्या हातात दिले.

मी ते घेतले. घरी येऊन भिजत घातले, दुसऱ्या दिवशी त्यांची आमटी केली, आणि पोटभर जेवले.