सुलोचनाबाईंची रेंजची वही

आर्वीच्या पुढं, टेकड्यांच्या आडोशाला असलेल्या एका गावात सुलोचनाबाई मेश्राम बावीस वर्षं अंगणवाडी चालवत होत्या. कोणाच्या पोराचं वजन किती, कोणाला कितवा महिना, सगळं तोंडपाठ. मग नियम आला. आहाराचं पाकीट देताना ते घेणाऱ्या गरोदर बाईनं फोनसमोर चेहरा धरून डोळे मिचकावायचे. ते तेव्हाच वर सरकारकडं पोचलं, तरच पाकीट दिल्याची नोंद.

गावातली रेंज लहरी. म्हणून बाईंनी वही केली. दर तासाला फोनवर किती काड्या दिसतात, ते लिहायचं. वर्षभरात अंदाज बसला. सागाची पानं झडली की रेंज सुधारायची. रात्रभर चार काड्या असायच्या. सकाळी आठला लाइट गेली की टॉवर बंद, ते थेट दुपार कलेपर्यंत. आठाच्या आत बाया पाणी भरण्यात, चुलीत. नंतर दिवस मावळेपर्यंत कापूस वेचायला, तोवर अंगणवाडी बंद.

काजलला सातवा महिना होता. "उद्या साडेसातले ये, वही सांगते का रेंज राहीन," बाई म्हणाल्या. काजल आली, तर त्या दिवशी लाइट सातलाच गेली. अशा तीन सकाळी गेल्या.

"राहू द्या बाई, आता मले येणं होत नाई," ती म्हणाली.

बाईंनी नोंदीविनाच पाकीट तिच्या हातात दिलं.

त्याच आठवड्यात रेंज मोजणाऱ्या कंपनीचा प्रफुल मोटारसायकलवर यंत्र घेऊन आला. बाईंनी वही पुढं केली. तो ओट्यावर बसून बराच वेळ पानं उलटत राहिला.

"मावशी, तुम्ही आमच्याहून बारीक लिहिलं. पण वर चोवीस तासांची सरासरी पाहतात. तुमच्या गावाची सरासरी चांगली येते."

"रात्री गाव झोपते बाप्पा. त्या रेंजचं मी काय करू?"

 प्रफुलनं पानांचे फोटो काढले नि तो निघून गेला. पुढं काही झालं नाही.

महिनाअखेरीला बाईंना खुलासा मागितला गेला: नोंदीपेक्षा एक पाकीट कमी कसं? त्यांनी लिहिलं, रेंज नव्हती. कचेरीतल्या कारकुनानं संगणकाकडं पाहत कागद परत सरकवला. "इथं तर रेंज दाखवून राह्यलं, बाई."

त्या वही काढायला गेल्या, पण वरच्या सरासरीपुढं ती कोण पाहणार, म्हणून पिशवीतच हात थांबला.

मागची नोंद नाही म्हणून पुढच्या महिन्यात काजलच्या नावाचं पाकीट आलंच नाही. ती दारात आली, पाकिटांच्या रिकाम्या खोक्याकडं पाहिलं, अन् न विचारताच शेताकडं वळली. तिला हाक मारावी, तर सांगायचं काय, हे सुलोचनाबाईंना सुचेना.