ओळीतली रिकामी जागा

गाडीचा इंडिकेटर लावताना कुणाला लाज वाटते, असं कधी ऐकलंय? आमच्या कुराताला वाटते. वळण आलं की त्याचा हात स्टिअरिंगजवळच्या दांडीपाशी जातो आणि तिथंच अडखळतो. मागचा गाडीवाला बिचारा वाट बघत बसतो.

कुराताचं आमच्या गावात धुलाई-इस्त्रीचं दुकान. माणूस कष्टाळू, पण जिभेचा तिखट, आणि मिसागो या गाडीपायी पार वेडा. मिसागो म्हणजे आपल्याच जपानी कंपनीची, आपल्याच कारखान्यात घडलेली स्पोर्ट्स कार. कंपनीनं ती बंद केली तेव्हा कुराता आणि त्याचा जिवलग मित्र ओकित्सु ऐन तारुण्यात होते. दोघांकडे एकेक जुनी मिसागो, आणि दोघांना एकच ध्यास, की कंपनी ही गाडी पुन्हा काढणार.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तळ्यावरच्या घाटमाथ्यावर, वाहनतळात, सगळे मिसागोवाले जमत. गाड्या पिढीप्रमाणे ओळीत लागत, सगळ्यात जुनी डावीकडे. आणि उजव्या टोकाला एक जागा रिकामी. ती पुढच्या मिसागोची. ती राखायचं काम ओकित्सुनं आपणहून घेतलं होतं. एखादा पर्यटक तिथं गाडी घालायला लागला, की हा धावत जाऊन कमरेत वाकायचा.

"माफ करा हं, इथं कुणीतरी यायचंय."

"कधी?"

"ते कंपनीला ठाऊक!"

आणखी एक नियम होता, तो कुराताचा. ओळीत शिरताना इंडिकेटर द्यायचा, मागे चिटपाखरू नसलं तरी. जो विसरेल त्यानं सगळ्यांना डबाबंद कॉफी पाजायची. वर कुराता दिवसभर टोमणे मारणार ते वेगळेच.

अशी वर्षं गेली, केस पिकले, आणि एक दिवस कंपनीनं खरंच नवी मिसागो जाहीर केली. पण एकट्यानं गाडी काढणं परवडेना म्हणून एका जर्मन कंपनीशी भागी केली होती. इंजिन त्यांचं, गिअर त्यांचा, आतली बटणंसुद्धा त्यांची. इंडिकेटरची दांडी आपल्याकडे उजव्या हाताला असते, ती या गाडीत त्यांच्या पद्धतीप्रमाणे डावीकडे, आणि उजवीकडे वायपरची. कुराताच्या काळजाला घरं पडली. इतकी वर्षं वाट पाहिली ती यासाठी? दुसरा कुणी रडला असता. कुराताचं दुःख तोंडावाटे बाहेर पडतं.

ओकित्सुनं मात्र गाडी नोंदवली. नूडल्सच्या दुकानात सगळ्यांदेखत त्यानं ते सांगितलं, तेव्हा कुरातानं हातातल्या काड्या खाली ठेवल्या.

"काळीज दुसऱ्याचं, आतडी दुसऱ्याची, आणि वरून नुसता आपला किमोनो! आणि तू ती घरी आणणार? लाज कशी वाटत नाही रे तुला?"

"अरे, मिसागो आहे ती," ओकित्सु म्हणाला. "एकदा चालवून तर बघ."

"त्या गाडीला माझा पार्श्वभाग लागायचा नाही!"

सगळे हसले. ओकित्सुही हसला, पण त्यानंतर रविवारी यायचा बंद झाला. रुसला असेल, रुसू दे, असं कुरातानं ठरवून टाकलं. पावसाळ्याच्या सुमारास एकदा ओकित्सुचा दुकानात फोन आला होता. कुराता तेव्हा इस्त्री करत होता.

"गाडी आली की पहिल्या रविवारी आणतो. माझी जागा ठेव हं."

"संडासाशेजारी मोकळीच असते की," कुराता म्हणाला. "तिथं लाव."

पलीकडून हसू आलं. हसता हसता खोकला लागला, तो थांबेना, आणि फोन बंद झाला. कुरातानं पुढचा शर्ट घेतला. उलट फोन काही केला नाही.

शरद ऋतूतल्या त्या रविवारी हवा छान गार होती. नवी मिसागो घाट चढताना दिसली असं मासळीबाजारातल्या नोमानं येऊन सांगितलं, तसा कुराता उठला, आपली घडीची खुर्ची त्या रिकाम्या जागेच्या बरोबर मधोमध टाकली आणि हाताची घडी घालून बसला.

"कुरातासान, हे जरा जास्तच होतंय," नोमा म्हणाला.

"तू गप बस. मासे विक."

लाल गाडी वळून आली, ओळीसमोर थांबली. काचेवर आभाळ पडलं होतं, आतला माणूस दिसत नव्हता. कुरातानं मान वर न करता अंगठ्यानं संडासाची बाजू दाखवली. गाडी थोडा वेळ उभी राहिली, मग गुमान तिकडे निघाली. मध्येच एक आचका देऊन बंद पडली.

"बघा, बघा!" कुराता ओरडला. "परक्याचं काळीज घाटाची हवा सोसेना! काय ओकित्सु, ढकलायला येऊ का?"

दोघं-चौघं हसले. दार उघडलं, आणि ओकित्सुची बायको फुमिए खाली उतरली. काळे कपडे, हातात कापडात बांधलेला मिठाईचा डबा. तिनं सगळ्यांसमोर कमरेत वाकून नमस्कार केला.

"माफ करा. मला अजून नीट चालवता येत नाही, शिकतेच आहे. ओकित्सु पावसाळा सरता सरता गेले. घरच्या घरीच सगळं केलं, त्यांची तशी इच्छा होती. म्हणून कुणाला कळवलं नाही. विधी आटोपले, तेव्हा म्हटलं, पहिल्या रविवारी गाडी न्यायची म्हणाले होते, तर आपण न्यावी."

कुराता खुर्चीतून उठला, पण उठून करायचं काय ते त्याला कळेना. कानशिलं तापली. मघाचे आपलेच शब्द अजून वाहनतळावर ऐकू येताहेत असं त्याला वाटलं. त्यानं खुर्ची मिटली आणि ती लपवायला जागा नव्हती म्हणून पाठीमागे धरून उभा राहिला.

"वहिनी, ती गाडी... इथं लावा. ही जागा तिचीच आहे."

"मला मागे घेता येत नाही हो," फुमिए म्हणाली. "तुम्ही लावाल का?"

तिनं किल्ली पुढे केली. नाही कसं म्हणणार? कुराता त्या गाडीत बसला. सीट तिच्या बेताची पुढे ओढलेली, गुडघे छातीशी आले. ती शेजारी बसली, मिठाईचा डबा मांडीवर. गाडी सुरू केली तर इंजिनचा आवाज सुरेख होता. ते मान्य करायलाही त्याला लाज वाटली. गाडी ओळीशी आणली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं उजव्या हातानं दांडी दाबली.

कोरड्या काचेवर करकर करत वायपर फिरायला लागला.

बाहेर सगळे ओळीनं बघत होते. कुणी हसलं नाही. कुराता दांडी वर करी, खाली करी, वायपर आणखी जोरात फिरे. शेवटी फुमिएनं हात लांब करून तो बंद केला.

"ते इस्पितळात याचीच तालीम करायचे," ती म्हणाली. "उताणे पडल्या पडल्या डावा हात पांघरुणाबाहेर काढून बोट हलवायचे. डावीकडे इंडिकेटर, डावीकडे इंडिकेटर, असं मला शंभरदा म्हणून दाखवायचे. नर्सला वाटायचं, भ्रम झालाय. मी म्हटलं, एवढं काय त्यात, चुकलं तर चुकलं. तर म्हणाले, ओळीत शिरताना वायपर लागला, तर कुराता मला जन्मभर सोडायचा नाही."

कुरातानं डावा हात उचलला, दांडी हळूच दाबली आणि गाडी मागे घेऊन त्या जागेत लावली. इंडिकेटर तसाच टिकटिकत राहिला. फुमिए उतरली, विधीनंतरच्या रिवाजाची मिठाई सगळ्यांना वाटू लागली. कुराताची वडी तिनं गाडीतच काचेपाशी ठेवली होती, कारण तो गाडीतून खाली उतरेना.