धाकूचा इंग्रजी खुलासा

गिरिजाताई भुवड माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या, तरी आम्ही एकाच बाकावर बसायचो. भाईंदर पश्चिमेला, भाजी मार्केटच्या मागच्या एका इमारतीत रसिका मॅडमचा इंग्रजीचा क्लास होता. साल दोन हजार चार. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि गिरिजाताई एका डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर काढायच्या. संध्याकाळचा दवाखाना उघडायच्या आधी, तीन ते साडेचार, त्या क्लासला येत. साडीचा पदर खोचलेला, पिशवीत दोनशे पानी वही आणि लाल-निळी दोन पेनं.

आमची बॅच मधली. म्हणजे 'माय नेम इज' म्हणायच्या पुढे गेलेले, पण फोनवर कुणी इंग्रजीत बोललं की रिसीव्हर दुसऱ्याच्या हातात देणारे. या पायरीवर एक धोका असतो. व्याकरणाचे स्वाध्याय बरोबर यायला लागतात आणि माणसाला वाटतं, आपल्याला इंग्रजी आलं.

गिरिजाताईंना तसं वाटलं तर नवल नव्हतं. दापोलीजवळच्या त्यांच्या गावात त्या दहावीला इंग्रजीत नापास झाल्या होत्या. दुसऱ्यांदा बसून सुटल्या, पण माहेरी आणि सासरीही तो विषय निघायचाच. आता त्यांच्या वहीत दहापैकी दहा मिळत होते. रसिका मॅडम आम्हा सगळ्यांना ती वही दाखवायच्या. "बघा, भुवडताईंसारखं लिहा." ताई मान खाली घालून हसायच्या.

त्या वर्षीच्या जानेवारीत मॅडमनी 'यूझ्ड टू' शिकवलं. फळ्यावर वाक्यं लिहिली आणि तोंडी सांगितलं की ही पूर्वीची सवय, आता ती राहिलेली नाही. ताई त्या वेळी पट्टी लावून मथळ्याखाली लाल रेघ मारत होत्या. त्यांच्या वहीत एवढंच उतरलं: यूझ्ड टू म्हणजे सवय, नेहमीची गोष्ट. मी शेजारी बसून ते पाहिलं होतं. त्यात काही राहिलंय हे माझ्याही लक्षात आलं नाही. गाळलेल्या जागा भरायच्या होत्या, त्या सगळ्या बरोबर आल्या.

ताईंच्या चाळीत दोन खोल्या सोडून धाकू गोताड राहायचा. तोही त्यांच्याच तालुक्यातला. काशीगावच्या पुढे हायवेला लागून स्टीलची भांडी परदेशी पाठवणारी एक कंपनी होती, तिथे तो नऊ वर्षं पॅकिंगला होता. डिसेंबरात गावाकडे त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. पंधरा दिवसांची रजा टाकून तो गेला आणि दीड महिन्याने परतला. दाराच्या फटीतून आत टाकलेलं एक पाकीट त्याची वाट बघत होतं. कंपनीची नोटीस होती. सात दिवसांत गैरहजेरीचा खुलासा द्या, असं त्यात होतं. नोटीस इंग्रजीत होती. म्हणजे उत्तरही इंग्रजीत पाहिजे, असं त्याने, त्याच्या बायकोने आणि सगळ्या चाळीने गृहीत धरलं.

धाकूची बायको चंपा गिरिजाताईंच्या दारात आली. "वैनी, तुमीच लिवा. तुमी शिकताव ना आता."

ताईंनी मला नंतर सांगितलं, "मनाली, मला त्या क्षणी इतका आनंद झाला म्हणून सांगू. त्यांच्या घरात म्हातारा आजारी, नोकरीचा प्रश्न, आणि मी मनातून खूश होते. कुणीतरी माझ्याकडे इंग्रजी पत्र लिहायला आलं होतं."

धाकू समोर बसून सांगत होता. "लिवा की मी नऊ वर्षं इमानदारीत काम करतोय. टायमावर येतोय. बापाला असं झालं म्हणून हातातलं काम सोडून जावं लागलं. आता मला कामावर हजर करून घ्या."

ताईंनी आधी वहीच्या मागच्या पानावर कच्चं लिहिलं. मग फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात उतरवलं. 'आय यूझ्ड टू वर्क इन युवर कंपनी फॉर नाइन इयर्स. आय यूझ्ड टू कम ऑन टाइम.' वडिलांचा आजार लिहिला आणि पुढे, 'सो आय लेफ्ट द वर्क अँड वेंट टू माय नेटिव्ह प्लेस.' कामावर हजर करून घ्या, हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते अडलं. मॅडमना फोन करता आला असता. पण चंपा बघत होती, म्हणून त्यांनी शाळेतल्या अर्जाचा शेवट जोडून दिला: माझ्या विनंतीचा विचार व्हावा. त्यावर नऊ वर्षांबद्दल आभारही मानले, कारण आभार मानलेले बरे दिसतात.

धाकूने वाचून दाखवायला सांगितलं. ताईंनी खणखणीत वाचलं. त्याला एक शब्द कळला नाही. "एकदम साहेबासारखं लिवलाव," असं म्हणून त्याने सही केली.

आठ दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. आपण काम सोडल्याचे आपल्या पत्रावरून समजले, आपला राजीनामा मंजूर करण्यात येत आहे. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि अर्थ सांगितला. धाकू तसाच कंपनीच्या गेटवर गेला. वॉचमनने आत सोडलं नाही. वरून निरोप आला की तूच लिहून दिलं आहेस, तुझी सही आहे. सही त्याचीच होती. तो परत आला.

त्या दिवशी चाळीच्या पॅसेजमध्ये सगळे जमले. गिरिजाताईच म्हणाल्या, "लबाड आहेत मेले! जुनी माणसं काढायला टपलेत. आपण एक लिहिलं, त्यांनी दुसरंच काढलं." सगळ्यांनी कंपनीला शिव्या घातल्या. त्या वेळी ताईंना ते खरंच वाटत होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर त्या स्वतःला एवढीही सूट द्यायला तयार नव्हत्या.

पुढच्या सोमवारी क्लासमध्ये मॅडमनी उजळणी घेतली. फळ्यावर एक वाक्य लिहिलं, 'ही यूझ्ड टू वर्क हिअर', आणि विचारलं, "आता तो माणूस इथे काम करतो का?"

मी हात वर केला. "नाही मॅडम. पूर्वी करायचा. आता सोडलं."

"करेक्ट!"

माझ्या शेजारी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. ताईंचं लाल पेन होतं. मी उचलून दिलं तर त्यांनी घेतलंच नाही. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, चक्कर येतेय. "काय झालं ताई?" "काही नाही, उन्हातून आलेय." त्या दिवशी त्या पंधरा मिनिटं आधीच निघून गेल्या.

घरी जाऊन त्यांनी वहीचं मागचं पान उघडलं. आता प्रत्येक ओळ दुसऱ्याच अर्थाने वाचता येत होती. मी तुमच्याकडे पूर्वी काम करायचो. वेळेवर यायचो. मग काम सोडलं आणि गावी गेलो. इतक्या वर्षांबद्दल आभार. कंपनीने दुसरं काहीच काढलं नव्हतं. जे लिहिलं होतं तेच वाचलं होतं.

त्यांनी ते पान फाडलं, बारीक तुकडे केले आणि मोरीत सोडले. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

अकरा दिवस त्या गप्प राहिल्या. धाकू मार्केटमध्ये टेम्पोतून भाजीच्या गोणी उतरवायला जाऊ लागला. पाठीला सवय नव्हती. घरी आला की जमिनीवर पालथा पडायचा आणि चंपा तेल चोळायची. दवाखान्यात जाताना ताईंना त्याच दारावरून जावं लागे. त्या चपला हातात घेऊन जायच्या, आवाज होऊ नये म्हणून. एकदा चंपाने गाठलंच. गावाहून आलेल्या आंबोशीची पुडी हातात ठेवली आणि म्हणाली, "तुमी व्हतात म्हणून निदान कागुद तरी धड गेला, वैनी. ते लोकच नालायक, त्येला तुमी काय करणार?"

ताईंनी ती पुडी घेतली. "घेतली गं मी ती," त्या मला म्हणाल्या. "नको म्हणायला तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. म्हणून घेतली."

बाराव्या दिवशी, क्लास सुटल्यावर, त्या मॅडमच्या टेबलाजवळ थांबल्या. मी दाराशी चपला घालत होते. पत्र त्यांना पाठ होतं; कागदावर पुन्हा लिहून आणलं होतं.

"मॅडम, हे जरा बघता? यात चूक काय आहे?"

रसिका मॅडमनी वाचलं आणि त्यांना हसू आलं. "हे कुणी लिहिलंय?"

"आमच्या शेजारच्यांनी."

"अहो, हा तर राजीनामा झाला! बिचाऱ्याची नोकरी जाईल अशानं."

मॅडम हसत वर बघायला गेल्या आणि त्यांचं हसू तिथेच थांबलं.

"गेली मॅडम," ताई म्हणाल्या. "आणि शेजारच्यांनी नाही. मी लिहिलंय."

मॅडमनी बरोबर-चुकीच्या खुणा केलेल्या आमच्या वह्यांचा गठ्ठा उगाच सरळ केला. त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "मी तुमच्याकडून एकसुद्धा पत्र लिहून घेतलं नाही कधी. नुसत्या जागा भरायला दिल्या." मग म्हणाल्या, "मी दुसरं लिहून देते. आत्ता देते."

"द्या. पण घेऊन मी जाईन," ताई म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, "मनाली, तू येशील?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला गेलो आणि रिक्षाने काशीगावच्या पुढे उतरलो. वाटेत ताई मॅडमचं पत्र मनातल्या मनात म्हणत होत्या. गेटवर दीड तास उभं केलं. शेवटी आत्माराम नावाच्या हेडक्लार्कनी आत घेतलं. साठीला आलेला, चष्म्याला दोरी लावलेला माणूस. ताईंनी पत्र पुढे केलं आणि इंग्रजीत सुरुवात केली. "सर, आय हॅव... आय हॅड..." आणि तिथेच अडकल्या.

"बाई, मराठीत बोला ना," ते म्हणाले. "मी पेणचा आहे."

मग ताईंनी मराठीत सगळं सांगितलं, माझ्या चुकीमुळे झालं, असं स्पष्ट. आत्मारामसाहेबांनी ऐकून घेतलं. फाइल काढली आणि धाकूचा खुलासा समोर ठेवला. ताईंचं ते सुंदर अक्षर.

"हे मराठीत का नाही लिहिलंत?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, साधंच. "नोटीस छापील असते हो, सगळ्यांना तीच जाते. उत्तरं मराठीतच येतात. हे बघा." त्यांनी फाइलची पानं उलटून दाखवली. वेडीवाकडी, देवनागरी, एक तर पेन्सिलीने लिहिलेलं. बायको बाळंत झाली. घर पडलं. पाय मोडला. "या सगळ्यांना हजर करून घेतलं. त्यालाही घेतलं असतं. पण हे वर गेलं आणि शेठनी लगेच सही केली. त्यांना माणसं कमीच करायची आहेत."

ताई त्या पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जाकडे बघत राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं.

साहेबांनी दोन दिवस मागून घेतले आणि शब्द पाळला. जे जमलं ते एवढंच: धाकूने पुढच्या महिन्यापासून ठेकेदाराच्या माणसांत यावं. काम तेच, पॅकिंगचंच. पण नवा माणूस म्हणून. आधीची नऊ वर्षं गेली.

हा निरोप सांगायचा तर कारणही सांगावं लागणार होतं. ताई गोताडांच्या खोलीत गेल्या, आत जमिनीवर बसल्या आणि सांगितलं. पत्राचं, पान फाडल्याचं, अकरा दिवसांचं, सगळं.

धाकू पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "जाईन मी ठेकेदाराकडं. गोणींपरीस बरं."

चंपा मात्र उभी राहिली. "चुकलं त्येचं काय न्हाय, वैनी. मला तर तेवढंबी येत न्हाय. पन म्हाईत असून गप बसलाव? मी आंबोशी दिली तवा म्हाईत व्हतं?"

"होतं."

"मग घेतलीव कशी?"

गिरिजाताई उठून आपल्या खोलीत गेल्या. चंपा ओरडली नाही, चाळीत कुणाला सांगितलंही नाही. ओरडली असती, सांगितलं असतं, तर मला सोपं गेलं असतं, असं ताई म्हणायच्या.

दोन महिने त्या क्लासला आल्या नाहीत. मग एक दिवस आल्या, मागच्या बाकावर बसल्या. मॅडमनी आता दर आठवड्याला आम्हाला एक पत्र लिहायला लावायचं ठरवलं होतं, आणि त्याचा अर्थ उभं राहून मराठीत सांगायचा. ताई खूप चुका करायच्या आणि प्रत्येक चूक विचारायच्या. लोक हसले तरी विचारायच्या. दहापैकी दहा त्यांना पुन्हा क्वचितच मिळाले. वर्षभराने दवाखान्यातला फोन त्या स्वतः घेऊ लागल्या. हळू, शब्द शोधत, पण समोरच्याचं पूर्ण कळेपर्यंत सोडायच्या नाहीत.

धाकू तीन वर्षं ठेकेदाराकडे राहिला. पुढे वरसाव्याला पुलाजवळच्या एका हॉटेलात वॉचमन म्हणून लागला आणि तिथे टिकला. ताईंशी तो पहिल्यासारखाच बोलायचा. चंपाही पुढे बोलू लागली. पाणी आलं का, गॅस आला का, एवढं.

दोन हजार आठच्या जूनमध्ये मी ताईंकडे पेढे घेऊन गेले होते, माझं लग्न ठरलं होतं. दार उघडं होतं. चंपा हातात कसलासा फॉर्म घेऊन पॅसेजमधून गेली. रेशन कार्डात सुनेचं नाव घालायचं होतं, असं नंतर कळलं. मराठीतला, सरळ फॉर्म. ताई उठून दाराशी गेल्या. "भरून देऊ का गं?"

"नको वैनी, नाक्यावर एक जण भरून देतो," असं म्हणून चंपा जिना उतरून गेली.

ताई आत आल्या, पेढ्याचा पुडा उघडला आणि देवापुढे एक ठेवला. "मुलगा काय करतो म्हणालीस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नव्हतं, म्हणून पुन्हा सांगितलं.