पाठीवर छापलेलं हेल्पर

कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेच्या आदल्या दिवशी कॅप्टननं टीमचे टी-शर्ट वाटले. गुलमंडीच्या बाजारातून छापून आणलेले. पाठीवर ज्याचं त्याचं नाव, खाली त्याचं काम. कॅप्टनच्या पाठीवर डिझायनर. माझ्या शर्टावर नावच नाय. नुसतं हेल्पर.

मी म्हणलं, "स्वर्व्ह ड्राइव्ह मी केलंय."

तो हसला. "तू मेंढरं वळ. चाकं आम्ही वळवतो."

सगळे हसले. टीमचे सर पण.

आमच्या रोबोटचं प्रत्येक चाक पळतं आणि जागेवर दिशाही बदलतं. म्हणून रोबोट अंग न वळवता कुठंही सरकतो, आडवा, तिरपा. त्याला स्वर्व्ह ड्राइव्ह म्हणतात. चाक, मोटारी, गिअर मिळून एक मॉड्यूल. आधीच्या मॉड्यूलमध्ये मोटारी चाकाच्या डोक्यावर उभ्या होत्या. रोबोट उंच व्हायचा, वळताना कलंडायचा. मी चाक बेअरिंगच्या कड्यातच बसवलं. मोटारी खाली, बाजूला आणल्या. पहिल्या गिअरचे दात मोडले. पुन्हा आखले, पुन्हा कापून घेतले. अख्खा उन्हाळा त्यात गेला. मॉड्यूल बुटकं झालं, रोबोट कलंडायचा थांबला.

ते दुष्काळाचे दिवस. वैजापूरकडं आमच्या गावात चारा उरला नव्हता. बा मेंढरं घेऊन लांब मुलखाला गेलेला. आई शहरात, कॉलेजमागं उठणाऱ्या टॉवरवर विटा वाहायची. तिथंच पत्र्याच्या खोलीत राहायची.

शर्ट घेऊन तिच्याकडं गेले. तिला वाचता येत नाय.

"काय लिवलंय?"

"हेल्पर."

आईनं शर्ट हातात घेतला. "मला बी हितं तेच म्हणतेत. मी विटा उचलते. तू काय केलंस?"

"ते चाकाचं सगळं मीच बनवलं."

"मंग हे अंगात कशाला घालती?"

दुसऱ्या दिवशी माझ्याच ड्रेसवर गेले. सरांनी दारात अडवलं. "शर्ट नसेल तर आत यायचं नाही." मी त्यांच्या बाजूनं आत शिरले.

परीक्षकांनी विचारलं, डिझाइन कुणाचं? कॅप्टन पुढं झाला. मी त्याच्या पुढं जाऊन उभी राहिले. नाव सांगितलं, आडनावासकट, गावासकट. "हे मॉड्यूल माझं आहे."

सर घाईनं म्हणाले, "टीमचं आहे. पोरगी जरा तापट आहे, तुम्ही मनावर घेऊ नका."

परीक्षकांनी मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

टीमला बक्षीस मिळालं. फोटोत मी नाय. टीममधून पण काढलं.

काही दिवसांनी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "माफी माग, परत घेतो तुला. पुढच्या वर्षी मॉड्यूल अजून लहान करायचंय."

तेव्हा लख्ख कळलं. ह्यांना माझं डोकं पाहिजे. मी नको.

"माफी कशाची, सर?"

मी उठून बाहेर आले.

आता होस्टेलच्या दोघी माझ्यासोबत आहेत. एक अजिंठ्याकडची, एक माझ्याच तालुक्यातली. कॉलेजची लॅब आम्हाला बंद आहे. होस्टेलच्या गच्चीवर भर उन्हात कानशीनं गिअर घासतो. हाताची सालटी निघालीत. टीम नोंदवली ती आमच्या तिघींच्या नावानं.

पुढच्या स्पर्धेत कॅप्टनच्या टीमसमोरच उतरणार आहोत. हरलो तर आमच्या नावानं हरू.