इब्राहिमभाईंचा आठवा दिवस

बोरी अरबच्या बाजारात कोणीतरी सहज म्हणालं, "तुमचे इब्राहिमभाई गेले ना..." दफन होऊन चार दिवस झाले होते, मला कोणी कळवलं नव्हतं. कळवायचं तरी कोणत्या नात्यानं? ते सायकलवर गावोगाव फिरून देवीची लस टोचणार, आणि मी यवतमाळच्या कचेरीत पंख्याखाली बसून त्यांच्या आकड्यांची बेरीज करणार.

लस जिवंत आहे की नाही, हे जोखायच्या आमच्याकडे दोन रीती होत्या. प्रयोगशाळेत ती कोंबडीच्या उबवलेल्या अंड्यात सोडून उठलेले ठिपके मोजत, आणि तसा दाखला लसीबरोबर कचेरीत येई. भाईंची रीत साधी. टोचल्यापासून आठव्या दिवशी पुन्हा त्या गावी जायचं आणि एकेका पोराचा दंड उघडून फोड उठला का, ते पाहायचं. एका उन्हाळ्यात ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "सायेब, यवतमाळात फोड उठून राह्यले, फुलसावंगीकडच्या तांड्यावर एकबी नाही. लस एकाच पेटीतली हाये. उन्हानं वाटेतच मरून राह्यली. हे आकडे एकात कालवू नका." मी हसलो. दाखला चांगला होता, सगळ्या गावांची सरासरीही चांगली येत होती. मी शिकलेला माणूस! कालवले. तांड्यावर पुन्हा टोचायचा हुकूम निघालाच नाही.

पुढच्या फाल्गुनात तांड्यावर देवी आल्या. सोनी नावाची चार वर्षांची पोर गेली. तिच्या बापानं भाईंची गचांडी धरली. "तुम्हीच टोचलं होतं ना तिले? मंग काहून गेली?" हे मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं. भाईंनी तिथं माझं नाव घेतलं नाही. नंतरही कधी विषय काढला नाही, माझ्यासमोरसुद्धा... याचाच मला फार त्रास होतो. एकदा बोलले असते, तर मी माफी तरी मागितली असती. ते मात्र त्या तांड्यावर जातच राहिले, लस ओल्या फडक्यात गुंडाळून, ऊन चढायच्या आत.

मागच्या आठवड्यात मी तिथं जाऊन आलो. लिंबाखाली बाया पोरांच्या बाह्या वर करून बसल्या होत्या. नवा माणूस टोचून गेला, त्याला आठवा दिवस होता. आठव्या दिवशी परत यायची त्याची रीत नाही, पण यांना भाईंची सवय. एकीनं तान्हं माझ्यापुढं धरलं.

"पाहा ना भाऊ, लागली का?"

उभ्या नोकरीत मी एकही दंड पाहिला नव्हता. त्या एवढ्याशा दंडावर सुईची खूण होती, फोड नव्हता. ती वाट पाहत होती.

"नाही लागली, बाई," मी म्हणालो. "पुन्हा टोचावं लागेल."