आय डबा द्यायला आली नव्हती

फोटो काढून झाल्यावर ठेकेदारानं माझ्या हातातली थापी काढून घेतली.

ट्रेनिंगच्या मॅडमची गाडी अजून गेटातून बाहेर पडत होती. माझ्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात ट्रेनिंगचं कार्ड. मागं मी स्वतः बांधलेली भिंत. तिच्या सांध्यांतला सिमेंटचा माल अजून ओला होता. ठेकेदार म्हणाला, "झाला ना फोटो? आता घमेलं उचल."

मिस्त्री हसले. एकानं विचारलं, बायका भिंती बांधायला लागल्या तर आम्ही काय भाकऱ्या थापायच्या? परत हसले. हेल्मेटं गोळा करून कंपनीच्या गाडीत टाकली. फोटोपुरतीच आणली होती ती.

हसणाऱ्यांत माझी आयपण होती.

ते मला जास्त लागलं. घरी चालत येताना मी तिच्याशी बोलले नाही. लोधिवलीच्या नाक्यावर टेंपो आम्हाला सोडायचा, तिथून आमची बौद्धवाडी जवळच. वाटेत तीच म्हणाली, "हसलं नाय तर उद्या टेंपोत घेत नाय, गं."

आयनं सगळा जन्म घमेलं वाहिलं. बाप लवकर गेला. तिनं मला दहावीपर्यंत शिकवलं, आणि पुढं जमलं नाही तेव्हा बरोबर कामाला नेलं. खालापूरच्या पुढं डोंगराच्या कडेला बंगल्यांची स्कीम चालली होती. मुंबई-पुण्याच्या लोकांनी शनिवार-रविवारी राहायला यायचे बंगले. बांधणारे मिस्त्री पुरुष, वाहणाऱ्या आम्ही. बाईनं थापी धरायची नाही, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण कुणी धरत नव्हतं.

मग कंपनीनं ट्रेनिंग ठेवलं. साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका संस्थेच्या मॅडम यायच्या. विटांची ओळ सरळ कशी लावायची, ओळंबा कसा सोडायचा, माल किती घट्ट हवा, सगळं शिकवलं. माझा हात लवकर बसला. मला वाटलं, आता मी मिस्त्री होणार. खरंच वाटलं होतं.

एक दिवस मॅडम हक्कांबद्दल बोलल्या. साइटवर जो राबतो तो कामगार. त्याला हेल्मेट, उंचावर पडू नये म्हणून बांधायचा पट्टा मिळालाच पाहिजे. काम करताना काही झालं तर जबाबदारी मालकाची आणि ठेकेदाराची. आय मागं बसली होती. ती कधी विचारत नसे, त्या दिवशी विचारलं, "आमी बिगारी. आमी पन कामगारच का?"

मॅडम हो म्हणाल्या.  संध्याकाळी भाजी चिरताना तो शब्द आय स्वतःशी दोनदा म्हणाली. मी ऐकलं.

फोटोनंतर थोड्याच दिवसांनी आय पडली, तेव्हा दुपारचं जेवण अजून व्हायचं होतं. परांचीवर विटा पोचवत होती. दोन लाकडी फळ्या, कठडा नाही, पट्टा नाही. मी खाली माल कालवत होते. फळी सरकल्याचा आवाज आला, आणि मग ती विटांच्या ढिगावर पडली. ओरडली नाही. मी धावले, तर डोळे उघडे होते. म्हणाली, पाय कुठं हायत माझे, मला कळत नाय.

आम्ही तिला एका सुट्या दारावर निजवून उचलत होतो, तेव्हा ठेकेदाराचा सुपरवायझर शेडकडं गेला आणि माझा डबा घेऊन आला. तो डबा त्यानं ती पडली होती तिथं, विटांजवळ ठेवला. मी बघितलं. मला वाटलं, माणूस गोंधळलाय.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, मणका मोडलाय, चालणार नाही. मी बाकावर बसले होते. ठेकेदार आला. मला बाहेर झाडाखाली नेलं. पहिल्यांदाच तो माझ्याशी हळू आवाजात बोलला. म्हणाला, हवालदार जबाब घ्यायला येतोय. सांगायचं, आय कामावर नव्हती. मला डबा द्यायला आली होती आणि पाय घसरला.

तेव्हा मला तो डबा कळला.

मग म्हणाला, "दवाखान्याचं मी बघतो. आणि सोमवारपासून तू मिस्त्री. तुमच्या लोकांतल्या पोरीला कोण मिस्त्री करतं? मी करतोय."

तुमच्या लोकांतल्या. हे तो सहज म्हणाला. त्याला वाटलं, तो मोठं मन दाखवतोय.

मला थापी हवी होती. अजून हवी आहे. त्या झाडाखाली उभी राहून मी विचार केला की आयचे पाय तर गेलेच आहेत. एक वाक्य बोलायचं, बस. आणि मग मला वाटलं, हे वाक्य मी बोलले तर आय कोण उरते? इतक्या वर्षांत तिनं वाहिलेली प्रत्येक वीट कुणी वाहिली? डबा द्यायला आलेल्या बाईनं?

हवालदार आला. खाटेजवळ उभा राहून विचारलं, बाई साइटवर काय करत होती. ठेकेदार माझ्या मागंच होता.

मी म्हणाले, "काम करत होती. परांचीवर विटा वाहत होती. पट्टा नव्हता, हेल्मेट नव्हतं. ती कामगार हाय."

ठेकेदार म्हणाला, पोरगी घाबरलीय, तिला कळत नाही.

"घाबरले नाय," मी म्हणाले. "लिहा."

हवालदारानं ठेकेदाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग लिहिलं.

आयनं सगळं ऐकलं होतं. ते गेल्यावर तिनं माझा हात धरला. मला वाटलं, शाबासकी देईल. ती म्हणाली, "तू मिस्त्री झाली असतीस गं, पोरी."

मी तिचे केस विंचरत बसले.

दुसऱ्या दिवसापासून मला टेंपोत घेतलं नाही. त्या साइटवर नाही, शेजारच्याही नाही. मॅडमना फोन केला. तक्रार कुठं करायची ते त्यांनी नीट सांगितलं. पण बरोबर येता येणार नाही म्हणाल्या, त्यांचं पुढचं ट्रेनिंग त्याच कंपनीत होतं. मी एकटी गेले, केस केली. तारखा पडतात. ठेकेदार येत नाही, त्याचा वकील येतो आणि म्हणतो, त्या बाईचं साइटच्या हजेरीत नावच नव्हतं.

आय घरी झोपूनच होती. पाठीला जखमा झाल्या. थंडी सरता सरता ती गेली. शेवटी शेवटी तिला वाटायचं की उशीर होतोय, टेंपो निघून जाईल. मला उठवायची. मी म्हणायचे, आज सुट्टी हाय.

लोक म्हणतात, आता ती गेली, केस कशाला. मी म्हणते, ती गेली म्हणून. जिवंत असताना तिचं नाव कुणी धरलं नाही. मेल्यावर तरी धरावं लागेल. मी तारखेला जाते, जात राहीन.

आणि सकाळी नाक्यावर जाते. मला कुणी घेत नाही, तरी जाते. वाडीतल्या बायका टेंपोत चढायच्या आधी मी विचारते, पट्टा हाय का? हेल्मेट हाय का? पडलीस तर तुला दवाखान्यात कोण म्हणून नेणार, कामगार की डबा द्यायला आलेली, ते विचारलंस का? काही जणी मान फिरवतात. त्यांची मला चीड येत नाही, त्यांच्या घरी पोरं आहेत. परवा एक जण चढता चढता थांबली आणि टेंपोवाल्याला तिनं स्वतःच विचारलं. त्यानं तिला खालीच ठेवलं आणि टेंपो नेला. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. रडत होती.

टेंपोवाला मला म्हणतो, इथं कशाला उभी राहतेस? रस्ता त्याचा नाही. आम्ही दोघी उद्याही उभ्या राहणार.