वरून ओतलेलं पाणी

काकूंनी पिंप तिरकं केलं आणि सगळं पाणी मोरीत सोडून दिलं.

स्टीलचं पिंप. काठोकाठ भरलेलं. सकाळपासून मी उकळलेलं, गाळलेलं, पंख्याखाली निववलेलं पाणी. ते जाळीतून गटगट करत खाली गेलं. मी शेजारी उभी. एका हातात माझ्या पोरीची शाळेची बाटली, दुसऱ्या हातात ओगराळं. ओगराळ्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

चूक एवढीच, की ते ओगराळं मी माझ्या हातानं पिंपात बुडवलं होतं.

"राग मानू नकोस हं," काकू म्हणाल्या. "जातीबितीचं काही नाही. आम्ही तसलं मानत नाही. पण इन्फेक्शनचे दिवस आहेत ना. आता परत उकळायला ठेव."

मी ओगराळं खाली ठेवलं. आणि परत उकळायला ठेवलं. हो, ठेवलं. त्या घडीला मला दुसरं काही सुचलंच नाही.

ह्या काकूंकडे मी धुणंभांडी करायची. पहिल्या दिवशी मी त्यांना बाई म्हटलं होतं. त्याच म्हणाल्या, "बाई नको गं, काकू म्हण. घरच्यासारखं वाटतं." मला बरं वाटलं होतं तेव्हा. किती वर्षं त्या एका शब्दावर मी खूश होते, आठवलं की आता स्वतःचीच चीड येते.

त्या आठवड्यात आमच्या सोलापुरात भोंगा लावून रिक्षा फिरली. नळाचं पाणी उकळून, गाळून प्या. तसं सोलापूरकराला पाण्याचं नवल नाही. नळ रोज येत नाही. येतो त्या दिवशी घरात लगीनघाई असते, बादलीपासून तांब्यापर्यंत सगळं भरून ठेवायचं. पण भरून ठेवलेलं तेच पाणी पिऊ नका म्हटल्यावर माणसं बिथरली.

काकूंच्या सोसायटीत पाण्याच्या जारची गाडी गेटातून आत शिरायच्या आधीच लोक तिला घेरायचे. एरवी लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारी माणसं एका जारसाठी हमरीतुमरीवर येत होती. काका, म्हणजे काकूंचे मालक, स्कूटर घेऊन पार नवी पेठेपर्यंत गेले आणि पायात बाटल्यांचे बॉक्स ठेवून परत आले. गॅलरीत जारवर जार चढले. मला कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. एवढं करून काकूंना जारच्या पाण्याचाही भरवसा नव्हता. "कुठून भरून आणतात कुणास ठाऊक," म्हणायच्या. म्हणून नळाचं पाणी उकळायचं आणि विकत आणलेलंही उकळायचं. उकळायचं कुणी? मी. भांडी घासून झाली की मोठं पातेलं गॅसवर चढवायचं, उतरवायचं, फडक्यानं गाळायचं, निववायचं, पिंपात भरायचं. माझे खांदे भरून यायचे. हसण्यासारखं होतं सगळं, पण हसायला अंगात त्राण नव्हतं.

आमची वस्ती अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागे. नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर. आमच्याकडे जारची गाडी आलीच नाही. जिकडे भाव जास्त, तिकडे गाडी. त्यात घरातला गॅस संपलेला. सासू म्हणायची, "काय हुतंय, जल्मभर हेच पानी पिलो की." पण काकूंनी पिंप ओतलं त्याच्या आदल्या दिवशी दुसरीतली माझी पोरगी उलट्या-जुलाबानं आडवी झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "साखर-मीठ घालून सारखं पाजा. पण उकळलेलंच पाणी. साधं दिलंत तर परत इथंच आणाल." चुलीला घालायला घरात काडी नव्हती. मी म्हटलं, एवढं पाणी रोज उकळते, त्यातली एक बाटली आणली तर कुणाचं काय जातंय?

म्हणून पोरीची बाटली पिशवीत टाकून मी कामाला गेले.

त्या घरात एक रीत होती. ती कधी कुणी तोंडानं सांगितली नव्हती. मी भांडी घासून, धुऊन पालथी घालायची. मग काकू येऊन त्यांच्यावरून एकदा पाणी फिरवायच्या आणि मगच आत घ्यायच्या. स्वच्छ भांड्यांवरून पाणी. भांडी घासणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत असतं. कुणी बोलत नाही. मीही बोलले नव्हते. पाण्याचंही तसंच. नळाखाली धरायला माझा हात चालायचा. चटके खात पातेलं उतरवायला चालायचा. पाणी निवलं, पिंपात पडलं, की हात चालेनासा व्हायचा. तिथून पुढं काकू स्वतः घ्यायच्या.

त्या दिवशी काकू गॅलरीत बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मला घरी जायची घाई. डोक्यात रीत नव्हती, पोरीचे सुकलेले ओठ होते. खुंटीवरचं ओगराळं घेतलं आणि बुडवलं.

"अगं अगं अगं!" काकू फोन घेऊनच धावत आल्या.

पुढचं तुम्हाला सांगितलंच.

दुसऱ्यांदा पातेलं चढवून मी ओट्याला टेकून उभी राहिले. पाण्याला आधण येईना. आणि मला गावाकडची डोण आठवली.

आम्ही मेंढरंवाले, सांगोल्याकडचे. लहानपणी मी आई-बापाच्या मागं मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले. शेतकऱ्याला खताला मेंढरांच्या लेंड्या पाहिजे असायच्या, म्हणून तो वावरात बसू द्यायचा. विहिरीजवळ दगडाची डोण असायची. मेंढरं डोणीला तोंड लावून पोटभर प्यायची. आम्ही मात्र ओंजळ धरून खाली बसायचं आणि मालकीण वरून घागर ओतायची. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, तोंडात थोडंच जायचं. एकदा मला फार तहान लागली होती. मी मेंढरांच्या मधे शिरले आणि डोणीलाच तोंड लावलं. आईनं पाठीत धपाटा घातला. "जनावर हायस व्हय?"

मी रडले. मला कळेचना. जनावराला तर सरळ प्यायला मिळत होतं.

पुढं लग्न होऊन शहरात आले. वाटलं, ती ओंजळ गावातच राहिली. शहरात नळ आहे, फरशी आहे, फ्रिज आहे. इथं कोण कुणाला विचारतंय.

पाणी उकळलं. गाळलं. निवलं. पोरगी आजारी असल्याचं मी मधेच सांगितलं होतं. काकूंनी ओगराळं उचललं आणि म्हणाल्या, "आण आता बाटली."

मी बाटली पुढं धरली. त्यांनी ओगराळं खांद्याइतकं वर नेलं आणि तिथून धार सोडली. बाटलीचं तोंड केवढंसं. अर्धं पाणी माझ्या पायावर पडलं.

"नीट धर की गं," काकू म्हणाल्या. मग मला धीर द्यायला म्हणाल्या, "आणि घाबरू नकोस. तुम्हा लोकांच्या पोटाला सवय असते. आमच्यासारखं नसतं. काही होत नाही बघ तुमच्या मुलांना."

चांगल्या मनानं म्हणाल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

माझी पोरगी दोन दिवस अन्नाला शिवली नव्हती. तिचे डोळे आत गेले होते. आणि तिला सवय होती म्हणे. मी पायांकडे बघितलं. पाय ओले. वावरात बसलेली मीच ती. फक्त खाली फरशी होती.

मी बाटली उलटी केली. होतं तेवढं पाणी मोरीत गेलं.

"अगं, काय करतेस!"

"काकू," मी म्हटलं, "ह्ये पानी नळाखाली मी धरलं. गॅसवर मी ठिवलं. गाळलं मी. माझ्या हातानं बाटत असंल तर समदंच बाटलंय. वता की आता तेबी."

काकूंचा हात पिंपावर होता. त्यांनी पिंप तिरकं केलं नाही. करणार तरी कशा? तिसऱ्यांदा उकळणार कोण?

बाहेरच्या खोलीतून काकांनी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. हिचं डोकं फिरलंय आज."

काकांनी मोबाईलमधून मान वर केली नाही. "भांडी झाली का तिची?" एवढंच विचारलं.

मी चप्पल घातली आणि निघाले.

खोटं कशाला सांगू, जिन्यातच पस्तावले. मोठेपणा करून आले होते, पण सांडलेलं पाणी लेकराचं होतं. रिकामी बाटली पिशवीत वाजत होती. माघारी फिरावं, पाया पडावं आणि बाटली भरून घ्यावी, असं गेटापर्यंत मनात येत होतं. गेटावर जारच्या गाडीभोवती तीच झोंबाझोंबी चालली होती. मी कडेनं निघून गेले.

घरी न जाता नवऱ्याच्या कारखान्यावर गेले. गेटातून त्याला बोलावलं. म्हटलं, "जाळायला काय मिळंल का?" त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता टॉवेलांच्या कापलेल्या कडांचं एक पोतं आणून दिलं. रंगीत कडा. त्या भुरुभुरू जळतात, धूर डोळ्यात जातो, सारख्या सारत बसावं लागतं. दारातल्या चुलीवर मी पाणी ठेवलं आणि सारत बसले. पोरगी दाराला टेकून पातेल्याकडे टक लावून बघत होती. "आई, कवा निवंल?" सारखी विचारत होती. परातीत गार पाणी घालून त्यात पातेलं ठेवलं, तरी निवता निवेना. त्या वेळेइतकं मोठं मी दुसरं काही पाहिलं नाही.

मग ती प्याली. चमच्याचमच्यानं, धुराचा वास असलेलं. संध्याकाळी तिला लघवीला झाली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशीही चूल चालूच ठेवली. गल्लीतल्या बायका भांडी घेऊन आल्या. कुणी भुसकट आणलं, कुणी तुटकी फळी आणली, पाणी घेऊन गेल्या. दुपारी पलीकडच्या गल्लीतली म्हातारी आली, रस्ता झाडणारी. उन्हातून आली होती. प्यायला मागितलं. सासूनं तांब्या भरला.

म्हातारी अंगणात खाली बसली आणि तिनं ओंजळ धरली. कुणी सांगितलं नव्हतं. आणि माझ्या सासूनं तांब्या वर नेला. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

मी उठून सासूचा हात धरला.

"आगं, ती झाडूवाली हाय," सासू हळू आवाजात म्हणाली. "आपला तांब्या हाय त्यो."

"मी बी कुनाची तरी भांडीवालीच हाय की, आत्या."

मी तांब्या म्हातारीपुढं धरला. ती घेईना. हात मागं घेतले तिनं. "ऱ्हाऊ दे गं बाई," म्हणाली, "वंजळीची सवय हाय मला."

पुन्हा सवय.

"म्हनूनच घ्या," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. म्हातारी दचकली. तिनं तांब्या घेतला, तरी ओठाला लावला नाही, मान मागं टाकून वरूनच प्याली. अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. ती गेल्यावर सासूनं तांब्या घासायला राख घेतली. मी तो तिच्या हातातून काढून घेतला, तसाच भरला आणि तिच्यासमोर तोंड लावून प्याले. सासू राखेचे हात झटकत आत गेली.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. "कधी येतेस गं? भांड्यांचा ढीग पडलाय."

"पिंपातलं पानी माझ्या हातानं घिऊन पिऊ देत असला तर येते," मी म्हटलं.

पलीकडून फोन कट झाला. दुसरं काम शोधायला लागणार, हे मला तेव्हाच कळलं. अजून शोधतेय. दमले आहे मी, नाही असं नाही.

पण ह्या दारात आता पाणी वरून पडणार नाही, कुणाच्याच ओंजळीत. आणि दुसऱ्याच्या दारात वरून पडलेलं पाणी मी पिणार नाही, माझी पोरगी पिणार नाही. तहान लागली तरी.